रोल कुणी धुतला?

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला आलेला पूर बहुतेकांनी टीव्हीवर पाहिला असेल. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. त्याआधीचा मोठा पूर २००५ चा. तेव्हा पातळी ५३ फुटांच्या घरात होती. आमच्या खणभागातल्या घराच्या भिंतीवर आम्ही २००५ ची रेघ मारून ठेवली होती आणि एक पत्र्याची ट्रंक त्या रेघेच्या दोन फूट वर, माळ्यावर ठेवली होती. एवढं पुरेल असं वाटलं होतं. ते पुरलं नाही.

ट्रंकेत अम्माने जपलेली निगेटिव्ह होती. बटर पेपरच्या पाकिटांत घातलेली, वर शाईने नाव आणि तारीख लिहिलेली. पाणी माळ्यापर्यंत सगळ्यात शेवटी चढलं आणि सगळ्यात आधी उतरलं, म्हणून ट्रंक दोन-तीन दिवसच पाण्यात राहिली. मी झाकण उघडलं तेव्हा वरची पाकिटं सुकायला लागली होती, खालची चिखलात होती.

शेजारचे म्हणाले, उन्हात पसरून टाका. ते करायचं नसतं, एवढं लहानपणापासून माहीत होतं. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, म्हणजे एका अर्थी खळच. ओला असताना तो फुगतो, मऊ होतो. एकावर एक चिकटलेली निगेटिव्ह तशीच वाळली, की पुन्हा सुटत नाहीत. सुटली तर चेहरे एका पट्टीवरून दुसरीवर जातात. ती ओलीच ठेवायची, स्वच्छ गार पाण्यात, आणि एकेक करून सोडवायची. पण त्या आठवड्यात सांगलीत स्वच्छ पाणी म्हणजे टँकरसमोरची रांग. शेवटी झाकणाच्या दोन बादल्यांत निगेटिव्ह भरली आणि रस्ता सुरू झाल्यावर साताऱ्याला मामूंच्या घरी नेली. ज्या कृष्णेने ती भिजवली, तिच्याच वरच्या अंगाला ती धुवायला चाललो होतो.

ट्रंकेच्या तळाशी दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही सापडली. वही अम्माची. तिच्याबद्दल पुढे सांगतो, कारण त्याआधी ‘रोल धुणं’ म्हणजे काय, हे मोबाइलवर फोटो काढणाऱ्या पिढीला सांगायला हवं.

कॅमेऱ्यातल्या फिल्मवर चित्र उमटलेलं असतं, पण दिसत नसतं. ते दिसायला आधी डेव्हलपर, मग हायपो, मग पाणी. डेव्हलपर प्रकाश लागलेल्या चांदीच्या क्षारांची काळी चांदी करतो. हायपो उरलेले क्षार विरघळवून चित्र पक्कं करतो. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाला १८१९ मध्येच सापडला होता. वीस वर्षांनी फोटोग्राफी जाहीर झाली तेव्हा त्यानेच तो सुचवला. शेवटचं पाणी हायपो काढून टाकण्यासाठी. ते कमी पडलं, तर दहा-वीस वर्षांनी फोटो पिवळा पडतो. आपल्याकडे लोक ‘रोल धुवायला टाकला’ म्हणत आले आहेत, ते बरोबरच आहे. सगळं काम पाण्याचं आहे.

हे काम हाताने करायचं की यंत्राने, हा वाद फोटोग्राफीच्या इतिहासात बराच जुना आहे. १८५१ नंतरच्या ओल्या काचेच्या काळात तो प्रश्नच नव्हता. काच वाळायच्या आत धुवावी लागे, म्हणून फोटोग्राफर तंबू आणि बाटल्या पाठीवर घेऊन हिंडायचा. जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या आणि धुणं उद्यावर टाकता येऊ लागलं. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा विकायला काढला. शंभर फोटो काढा, अख्खा कॅमेरा कंपनीकडे पाठवा, धुण्याचं काम आमचं. फोटो काढणारा एक आणि धुणारा दुसरा, अशी फारकत तिथून झाली. धुणाऱ्याचं नाव फोटोवर कधीच येत नाही, त्याची सुरुवातही तिथलीच.

१९०२ मध्ये कोडॅकनेच ‘डेव्हलपिंग मशीन’ बाजारात आणलं. एक पेटी, तिला हँडल. भर उजेडात घरच्या टेबलावर हँडल फिरवायचं आणि रोल धुऊन बाहेर. त्याची मूळ कल्पना आर्थर मॅककर्डी यांची. हे टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेल यांचे सचिव होते. तीन वर्षांनी साधी टाकी आली. म्हणजे ‘घरबसल्या ऑटोमॅटिक’ हे स्वप्न सव्वाशे वर्षांचं आहे.

जुन्या फोटोग्राफरांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, लाल दिव्याखाली चित्र उगवताना पाहावं, आकाश जास्त काळं होतंय का, चेहरा मागे राहतोय का ते बघावं आणि नेमक्या क्षणी थांबावं. यंत्राला डोळे कुठे आहेत? उलट बाजूला हर्टर आणि ड्रिफिल्ड हे इंग्लंडमधल्या रसायनांच्या कारखान्यातले दोघे होते. १८९० मध्ये त्यांनी मोजमापं छापून दाखवलं, की किती प्रकाश, किती वेळ आणि किती काळेपणा यांचं नातं गणिताचं आहे. फोटोग्राफी ही कला आहे असं हिरिरीने मांडणारे पीटर हेन्री इमर्सन यांना हे इतकं लागलं, की त्याच वर्षी त्यांनी आपलं मत मागे घेतल्याचं जाहीर केलं. बिचाऱ्यांनी जरा घाईच केली, असं मला वाटतं.

वाद मिटवला तो फिल्मनेच. जुन्या फिल्मला लाल रंग दिसत नसे, म्हणून लाल दिवा चाले. १९०६ पासून सगळे रंग ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा बाजारात मिळू लागल्या, पुढे तशी फिल्मही आली. तिच्यासमोर कुठलाच दिवा चालत नाही. ठार अंधार. डोळ्यांचं काम संपलं. उरलं घड्याळ आणि थर्मामीटर.

महाराष्ट्रात घरी फिल्म धुण्याचा सगळ्यात गाजलेला किस्सा अर्थातच दादासाहेब फाळक्यांचा. १९१२ मध्ये ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले. कच्ची फिल्म बिनभोकांची येई. दादरच्या घरात अंधार करून त्या फिल्मला भोकं पाडायची, चित्रण झालं की ती घरातच धुवायची. हे काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या आणि करत राहिल्या. दिवसा चित्रपटाच्या माणसांचा स्वयंपाक, रात्री फिल्म. दागिने मोडले ते वेगळंच. ३ मे १९१३ ला कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तो रोल कुणी धुतला, हे पडद्यावर कुठे होतं?

दुसरं उदाहरण आमच्या शेजारचं, कोल्हापूरचं. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत कागलचे शेख फत्तेलाल होते. लोक त्यांना साहेबमामा म्हणत. मूकपटांचे कॅमेरामन, पुढे १९२९ मध्ये ‘प्रभात’चे एक संस्थापक, आणि विष्णुपंत दामल्यांबरोबर १९३६ च्या ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक. एक मुसलमान माणूस तुकोबांचा सिनेमा करतो आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव होतो, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मीही या ब्लॉगवर अनेकदा सांगितली आहे. पण मूकपटाच्या काळात फिल्म कशी धुतली जाई, ते कमी सांगितलं जातं. लाकडी चौकटीवर शेकडो फूट फिल्म गुंडाळायची, उभ्या टाकीत बुडवायची, वर काढायची, लाल दिव्यात बघायची, परत बुडवायची. सगळं हाताने. चौकटीच्या कडेला फिल्म जिथे वळते, तिथे डाग पडे. पडद्यावर तो क्षणभर चमकून जाई आणि प्रेक्षक माफ करत.

बोलपट आल्यावर ही माफी संपली. १९३१ चा ‘आलम आरा’, १९३२ चा प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. आवाजही फिल्मच्याच कडेला प्रकाशाने नोंदवला जाऊ लागला. धुण्यात जरा कमीजास्त झालं, की आता ते डोळ्यांना दिसण्याआधी कानांना कळे. एकसारखं धुणारी यंत्रं जगभरच्या सिनेमाच्या लॅबमध्ये शिरली ती प्रामुख्याने आवाजामुळे. सिनेमा ऑटोमॅटिक झाला. साताऱ्या-सांगलीतल्या घरांतली फिल्म मात्र त्यानंतर पन्नास वर्षं हातानेच धुतली जात होती.

माझे नाना साताऱ्यात एका स्टुडिओत मदतनीस होते. पेन्सिलीने निगेटिव्हवरचे देवीचे व्रण भरून काढायचे, काचा धुवायच्या. घर गुरुवार पेठेत. ज्यादाचं काम ते घरी आणत आणि माजघराच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत करत. अम्मा तिथे शिकली. नानांचा आकडा ठरलेला होता: आठ मिनिटं.

लग्न होऊन अम्मा सांगलीला आली. अब्बा नोकरी करून फोटो काढत. आधी बडोद्यात बनलेली आग्फाची क्लिक थ्री, नंतर जरा बरा कॅमेरा. अम्माने सांगलीत पहिला रोल धुतला तो उन्हाळ्यात, नानांच्या आठ मिनिटांनी, आणि निगेटिव्ह कोळशासारखी काळी आली. यात तिची चूक नव्हती. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर, सांगली साडेपाचशेच्या आसपास. साताऱ्यात पहाटे माठातलं पाणी जितकं गार, तितकं सांगलीत मे महिन्यात दिवसभरात कधीच मिळत नाही. डेव्हलपरचं सगळं कोष्टक २० अंश सेल्सिअसवर बेतलेलं. पाणी एक अंशाने गरम झालं, की वेळ साधारण दहा टक्क्यांनी कमी करावा लागतो. २८ अंशांवर आठ मिनिटांची साडेतीन होतात, आणि इतक्या कमी वेळात फिल्म एकसारखी धुतली जात नाही, पट्टे पडतात. वर जिलेटिन मऊ होतं ते वेगळंच; नख लागलं तरी ओरखडा.

मग तिने स्वतःचं कोष्टक बनवलं. माठाचं पाणी, माठाभोवती ओलं पोतं, फार उकाडा असला तर बर्फाच्या गाडीवरून आणलेला तुकडा. बर्फ औषधात टाकायचा नाही, औषधाचा ट्रे बर्फाच्या परातीत ठेवायचा. औषधही घरीच बने. कोडॅकचं डी-७६ हे १९२० च्या दशकात सिनेमाच्या फिल्मसाठी निघालेलं मिश्रण, आणि त्याचं प्रमाण काही गुपित नव्हतं: लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. अब्बांनी त्यासाठी सराफाचा जुना काटा मिळवला होता. फिल्म आणि कागद ‘इंदू’चे. उटीच्या सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्सने १९६७ मध्ये उत्पादन सुरू केलं आणि आमच्यासारख्यांना फोटोग्राफी परवडू लागली.

ती धुवायची ट्रेमध्ये, टाकीत नाही. रोल उलगडून दोन टोकं दोन हातांत धरायची आणि झोपाळ्यासारखा औषधातून वरखाली फिरवायचा, ठार अंधारात. हात गुंतलेले, घड्याळ दिसत नाही. म्हणून घड्याळ मी होतो. मोरीच्या दाराबाहेर पाटावर बसायचं, मांडीवर गजराचं घड्याळ, दर मिनिटाला ओरडायचं. आतून आवाज यायचा, “कित्ते हुए रे?” मी सांगायचो, “चार!”

१९७६ मधली गोष्ट. मी नऊ-दहा वर्षांचा. बुधवार होता, कारण शेजारच्या रेडिओवर बिनाका गीतमाला लागली होती. अमीन सयानी एकेक पायदान वर चढत होते आणि मी घड्याळ विसरलो. अम्माने आतून विचारलं तेव्हा सात मिनिटं होऊन गेली होती. मी “तीन” म्हणालो. मग इमानदारीने पुढची तीन मोजली. सहा मिनिटांचा रोल दहा मिनिटं धुतला गेला. तो मोहल्ल्यातल्या एका लग्नाचा होता, बायकांच्या बाजूचा.

बायकांच्या बाजूचा, हे महत्त्वाचं आहे. आमच्याकडे रोल घरी धुतला जायचा तो पैसे वाचावेत म्हणून, हे खरंच. पण ते एकच कारण नव्हतं. स्टुडिओत दिलेली निगेटिव्ह बहुधा स्टुडिओतच राहत. घराघरांतून बायकांना त्याची धास्ती असे: आपला चेहरा कुणाच्या कपाटात राहील, कुणाच्या काचेत लागेल. काही घरांत फोटोच चालत नसे. तिथल्याच आजी हजला जाताना पासपोर्टच्या फोटोसाठी आमच्या अंगणात येऊन बसायच्या. लग्नात जनानखान्यात अम्मा स्वतः कॅमेरा घेऊन जायची. काढणारी ती, धुणारी ती, छापणारी ती, आणि निगेटिव्ह पाकिटात घालून ट्रंकेत ठेवणारीही तीच. त्या ट्रंकेवर मोहल्ल्याचा विश्वास होता. धार्मिक कारण म्हणा, लाज म्हणा. मला तो आज साधा खासगीपणाचा हक्क वाटतो. ज्यांच्याकडे तो मागायला भाषा नव्हती, त्या बायकांनी तो अम्माच्या मोरीत शोधला होता.

तरीही मोहल्ल्यात ‘फोटोवाले’ म्हणत ते अब्बांना.

अम्माच्या हातांबद्दल सांगायलाच हवं, कारण हाताच्या कामाचं कौतुक करणारे लोक हातांबद्दल बोलत नाहीत. मेटॉल कातडीला झोंबतं. सगळ्यांना नाही, पण ज्यांना झोंबतं त्यांना दर वेळी जास्त. बोटांच्या पेरांवर चिरा, खाज, मग पाणी सुटणं. नखं तपकिरी. १९५० च्या दशकापासून मेटॉलऐवजी फेनिडोन मिळू लागलं होतं आणि त्याने हा त्रास फारसा होत नाही. मोठ्या कंपन्यांच्या तयार पाकिटांत ते असे. पण आम्ही सुटी रसायनं घेत होतो आणि सुटं मेटॉल मिळायचं. रबरी हातमोजे घातले की अंधारात फिल्मची कडा कळत नाही, म्हणून ती घालत नसे. भाकरी थापताना तिला मीठ लागायचं. आज पुण्या-मुंबईत तरुण मुलं हौसेने घरी फिल्म धुतात, त्याला ध्यान-धारणा म्हणतात. धुवा बाबांनो, पण हातमोजे घाला.

यंत्र आमच्या घराण्यात आलं ते १९८७ मध्ये. मामू कुवेतला फोटोच्या कामावर होते. परत येताना त्यांनी जर्मन बनावटीचं एक वापरलेलं यंत्र आणलं. पाण्याचा चौकोनी हौद, त्यात आडवा फिरणारा ड्रम, मोटर, तापमान राखायचा हीटर. फिल्म ड्रममध्ये अंधारात भरायची, झाकण लावलं की पुढचं सगळं उजेडात. ड्रम थोडा एका बाजूला फिरतो, मग उलटा. फिल्म सतत औषधात खाली-वर होते, त्यामुळे औषध निम्म्याने कमी लागतं. हाताला थेंबही लागत नाही.

मामूंनी अम्माला डिसेंबरात साताऱ्याला बोलावलं. सहा रोल धुतले. वाळल्यावर अम्माने ते खिडकीशी धरून एकेक पाहिले आणि म्हणाली, माझ्यापेक्षा चांगले आहेत. ती असं सहज म्हणू शकत होती. आकाश एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सारखं, कुठे पट्टा नाही, डाग नाही. जाणकार डोळ्याला एक फरक दिसतो: ड्रम सतत फिरत असल्याने औषध कुठे थांबत नाही, आणि हाताने थांबत थांबत हलवलेल्या फिल्मवर काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर जी बारीक धार येते, ती यंत्राच्या निगेटिव्हवर कमी असते. मला विचाराल तर पासपोर्टच्या फोटोत ती धार कुणी बघत नाही.

मेमध्ये आम्ही पुन्हा गेलो. साताऱ्यातही त्या वर्षी नळाचं पाणी २८-२९ अंशांवर होतं. मामूंनी आकडा २० वर लावला. यंत्र शांत. हीटर पेटला नाही, कारण पाणी आधीच गरम होतं, आणि गार करायची सोय त्या यंत्रात नव्हतीच. ज्या मुलखात ते बनलं तिथे नळाचं पाणी कायम गार. त्याला तापवायचं कसं एवढंच बनवणाऱ्याला ठाऊक असणं पुरेसं होतं. रंगीत फिल्मला ३८ अंश लागतात. त्या कामाला ते आपल्याकडे बारा महिने उत्तम चाललं असतं. काळ्या-पांढऱ्यासाठी मामूंनी हौदात बर्फ टाकला, आकडा २२ वर आणला, ड्रम सुरू केला. तिसऱ्या मिनिटाला वीज गेली.

ड्रम आडवा, औषध तळाला, फिल्मचा खालचा अर्धा भाग तेवढा भिजलेला. अजून अर्धं मिनिट तसंच राहिलं असतं, तर प्रत्येक फोटोवर आडवी रेघ पडली असती. मामू झाकणाशी झटापट करत होते. अम्माने ड्रम हौदातून उचलला, जमिनीवर आडवा ठेवला आणि चपाती लाटावी तसा दोन्ही तळव्यांनी मागे-पुढे लाटायला लागली. मला म्हणाली, घड्याळ बघ. मी वीस वर्षांचा होतो. या वेळी नजर हलवली नाही.

मामूंनी ते यंत्र आणखी दोन वर्षं वापरलं, हिवाळ्यात आणि वीज असेल तेव्हा. अम्माला त्यांनी सांगलीला न्यायचा आग्रह केला, तो अब्बांनी मानला नाही. जागा नाही, विजेचा भरवसा नाही, असं ते म्हणाले. दोन्ही खरं होतं. अम्माचे हात मात्र त्या हिशेबात कुणी धरले नाहीत, मीही नाही. निदान हिवाळ्याचे चार महिने तरी तिची बोटं औषधाबाहेर राहिली असती.

त्यानंतर हा प्रश्नच उरला नाही. १९९० च्या आसपास गावोगाव रंगीत मिनीलॅब आल्या. रोल एका बाजूने आत, तासाभरात फोटो दुसऱ्या बाजूने बाहेर. ऑटोमॅटिकचं स्वप्न पुरं झालं, पण ते घरात नाही, दुकानात. लग्नाचे रोल, बायकांच्या बाजूचेही, काउंटरवर गेले. काळी-पांढरी फिल्म महाग पडू लागली. उटीच्या कारखान्याचाही पुढे अंत झाला.

साताऱ्यात मामूंच्या मुलाने आणि मी ती निगेटिव्ह चार दिवस सोडवत होतो. गच्चीवर दोरी बांधून चिमट्यांनी टांगली. निम्म्याहून थोडी जास्त वाचली. काहींवरचा थर बोटाला लागून निघून गेला आणि हातात कोरी पट्टी उरली. रात्री वही पाहिली. मराठीत लिहिलेली; अम्मा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली होती. तारीख, कुणाचा रोल, पाणी कसलं, किती मिनिटं, कसा आला. पंचवीस वर्षांच्या नोंदी. हर्टर आणि ड्रिफिल्डनी बघितली असती तर खूश झाले असते.

१९७६ च्या त्या बुधवारची नोंदही होती. ‘६ मि. माठाचं पाणी. फार काळी. औषध मोजताना चुकलं. माझी चूक. सॉफ्ट कागदावर छापावे. पैसे घेऊ नये.’

अम्मा जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती.

ही निगेटिव्ह एखाद्या संग्रहालयाला द्यावीत, त्यांचं प्रदर्शन व्हावं, असं मला मित्रांनी सुचवलं. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मोह होतो. १९७० च्या दशकातल्या मराठी मुस्लिम घरांतल्या बायकांची इतकी चित्रं एका जागी मिळणं सोपं नाही. पण ज्या अटीवर ती काढली होती, ती अट मोडायचा अधिकार मला नाही. म्हणून वहीतल्या नावांवरून घरं शोधून पाकिटं परत करतो आहे. काही जणींनी स्वतःहून छापायला परवानगी दिली. काहींच्या सुनांनी पाकीट घेतलं आणि दार लावलं. तेही बरोबरच आहे.

त्या लग्नातली नवरी आता मिरजेत मुलाकडे असते. सत्तरीच्या घरात. मी पाकीट दिलं तर तिने आधी विचारलं, “और कोन देखा?” मी म्हणालो, मी आणि मामूंचा मुलगा. तिने पट्टी उजेडात धरली, थोडा वेळ उलट्या काळ्या-पांढऱ्यात स्वतःला शोधत राहिली. म्हणाली, आमचे फोटो जरा पांढरे आले होते, आणि तुझ्या अम्माने पैसे घेतले नाहीत. का, ते कधी बोलली नाही.

मी खालाला रेडिओचं सांगितलं. तीन म्हणालो तेही सांगितलं. तिने पट्टी परत पाकिटात घातली, पाकीट उशाखाली ठेवलं, आणि त्या दिवशी पहिल्या पायदानवर कुठलं गाणं होतं ते आठवतं का, एवढंच विचारलं.